ओसरीवरचे ‘ट्यूनिंग’ : बुलेट मोटारसायकलच्या इंजिनाची घरगुती देखभाल आणि तिचा इतिहास (१९५५–२०१०)

प्रस्तावना

यंत्रांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे जी रीत पडली आहे, तीत यंत्र कोठून आले, कोणी आणले आणि कारखाना कोणत्या साली निघाला या प्रश्नांना अग्रस्थान मिळते. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, येथपर्यंत आपले विवेचन नेमके असते. परंतु विकत घेतलेले यंत्र पुढील तीस-चाळीस वर्षे कोणी, कोणत्या साधनांनी आणि कोणत्या ज्ञानाच्या बळावर चालते ठेवले, हा प्रश्न आला की अभ्यासक बहुधा मौन पाळतात. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात याच मौनावर बोट ठेवले. शोधांचा इतिहास म्हणजे तंत्रज्ञानाचा इतिहास नव्हे; वापर, दुरुस्ती व देखभाल हाही त्याचा तितकाच महत्त्वाचा भाग होय, अशी त्याची भूमिका आहे. भारताच्या संदर्भात डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ च्या ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ या ग्रंथात सायकल, शिवणयंत्र, टंकलेखन यंत्र आणि भातगिरणी यांचा असाच विचार केला. मोटारसायकल मात्र अद्याप गंभीर अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिली आहे. तिच्यावर हौशी लेखन विपुल आहे. पण ते बहुतांशी प्रवासाचे किंवा प्रेमाचे आहे.

प्रस्तुत लेखात ३५० सीसी बुलेट या गाडीचे बिडाच्या सिलिंडरचे जुने इंजिन घरच्या घरी ‘लावण्याची’, म्हणजे ज्याला सर्वत्र ट्यूनिंग म्हणतात त्या क्रियेची, ऐतिहासिक मीमांसा करण्याचा प्रयत्न केला आहे. ही क्रिया कोणत्या आर्थिक व औद्योगिक परिस्थितीत घडली, तिच्यातले ज्ञान कसल्या स्वरूपाचे होते आणि आज ‘व्हिंटेज’ या शब्दाखाली तिचे काय होत आहे, हे पाहावयाचे आहे.

साधनांविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. या विषयाचे दप्तर कोणत्याही अभिलेखागारात मिळत नाही. कंपनीची माहितीपुस्तिका इंग्रजीत असे आणि ती बहुधा गाडीच्या पेटीत तेलाने माखून नष्ट होई. प्रस्तुत लेखकाच्या घरी सांगली जिल्ह्यात आजोबांनी १९७४ मध्ये घेतलेली बुलेट आजही आहे. वडिलांनी १९७९ पासून २०११ पर्यंत तिच्या कामाच्या नोंदी दोन वह्यांत ठेवल्या: तारीख, किलोमीटर, केलेले काम, लागलेला खर्च. या वह्या आणि स्वतः ते इंजिन, ही या लेखाची दोन मुख्य साधने होत. इंजिनाला साधन म्हणणे काहींना विचित्र वाटेल. त्याचा उलगडा पुढे होईल.

इंग्रजी आराखडा, मद्रासी कारखाना

रॉयल एन्फिल्ड ही कंपनी इंग्लंडमधील रेडिच गावची. ‘बुलेट’ हे नाव तिने १९३२ मध्ये प्रथम वापरले. परंतु आपण ज्या गाडीला बुलेट म्हणतो, तिचा आराखडा १९४८-४९ चा आहे. मागच्या चाकाला झुलता फोर्क असलेली ही गाडी तिच्या काळात पुढारलेली मानली जाई. पन्नासच्या दशकाच्या प्रारंभी भारतीय सैन्याने ३५० सीसी बुलेटची मागणी नोंदविली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स या कंपनीशी भागीदारी होऊन ‘एन्फिल्ड इंडिया’ स्थापन झाली आणि मद्रासच्या उत्तरेस तिरुवोट्टियूर येथे कारखाना उभा राहिला. १९५६ अखेर तेथे १६३ गाड्या तयार झाल्या होत्या. आरंभी इंग्लंडहून आलेले सुटे भाग येथे जोडले जात. पुढे रेडिचची यंत्रसामग्रीच आणली गेली आणि साठच्या दशकाच्या प्रारंभी सर्व भाग येथेच बनू लागले.

यानंतर जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला आणि थोड्याच वर्षांत इंग्लंडमधील उरलेले उत्पादनही संपले. मद्रासेत मात्र तोच आराखडा, तोच ७० मिलिमीटर व्यासाचा आणि ९० मिलिमीटर धावेचा सिलिंडर, तीच पुशरॉडची रचना, तोच उजव्या पायाचा गिअर, जवळजवळ न बदलता चालू राहिला. १९७७ मध्ये ही गाडी इंग्लंडला निर्यात होऊ लागली. जी वस्तू तेथे इतिहासजमा झाली होती, ती येथून ‘नवी’ म्हणून परत गेली.

हे स्थैर्य आले कोठून? १९५१ चा उद्योग (विकास व नियमन) कायदा आणि १९५६ चा औद्योगिक धोरणविषयक ठराव यांतून जी परवानापद्धती उभी राहिली, तिने उत्पादनक्षमता, परकीय चलन व परदेशी तंत्रज्ञान या तिन्हींवर मर्यादा घातल्या. वाहन मिळणे हेच दुर्लभ असल्याने नवे मॉडेल काढण्याचे प्रयोजन कारखानदारास नव्हते. बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेल्या पिढीला हे वेगळे सांगावयास नको. अर्थशास्त्रज्ञ या अवस्थेचे वर्णन साचलेपण म्हणून करतात आणि ते चूक नाही. तथापि या साचलेपणाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. १९५८ च्या गाडीला १९९० मध्ये घेतलेला भाग बसू लागला. विसाव्या वर्षी शिकलेली गोष्ट साठाव्या वर्षीही कामास येऊ लागली. एखाद्या कारागिराचे ज्ञान त्याच्या हयातीत जुने न होणे, ही स्थिती विसाव्या शतकातील यंत्रांच्या बाबतीत विरळाच होय. घरगुती ट्यूनिंगची परंपरा या पायावर उभी राहिली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. म्हैसूरच्या जावा-येझ्दी आणि एस्कॉर्ट्सची राजदूत यांच्याबाबतही हे थोड्याफार फरकाने म्हणता येईल. परंतु त्या टू-स्ट्रोक गाड्या असल्याने त्यांच्या देखभालीचे शास्त्र वेगळे आहे व ते येथे घेतलेले नाही.

मोजमापांची एक गंमत येथेच नोंदवावीशी वाटते. देशाने १९५६ मध्ये दशमान मापनाचा कायदा केला, १९५७ मध्ये नया पैसा आला, आणि हा कारखाना नेमका याच वर्षांत रुजत होता. पण इंजिन इंचातच राहिले. इंचाच्या सहस्रांशाला मिस्त्री ‘थाउ’ म्हणत. शाळेत मिलिमीटर शिकलेला मुलगा संध्याकाळी ओसरीवर ‘पंधरा थाउची फट’ असे शब्द ऐके आणि घरात इंची पाने व मिलिमीटरचे पाने असे दोन संच नांदत. चुकीचा पाना लावल्याने गोल झालेली नटाची डोकी हा त्या संक्रमणाचा पुरावा आमच्या इंजिनावर अजून आहे.

‘लावणे’ म्हणजे काय

इंग्रजी ‘ट्यून’ हा शब्द संगीतातून आला, हे सर्वज्ञात आहे. मराठीत गाडी ‘लावतात’ आणि तंबोराही लावतात. हा योगायोग मिरजेच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला जास्तच जाणवतो. तेथील तंतुवाद्ये बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रे घडवणाऱ्या व त्यांना धार लावणाऱ्या कारागिरांची. शस्त्रांचे काम ओसरल्यावर एकोणिसाव्या शतकात ती सतारीकडे व तंबोऱ्याकडे वळली. तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे-मागे सरकवतात आणि नाद उघडतो. बुलेटचे पॉइंट लावताना जे होते ते याहून फार वेगळे नाही: केसभर अंतर, आणि निर्णय कानाचा.

या कामाला एक क्रम आहे आणि तो क्रम मोडला की श्रम वाया जातात. प्रथम टॅपेट, मग पॉइंटची फट, मग टाइमिंग, आणि कार्ब्युरेटर अगदी शेवटी. कारण प्रत्येक पायरी तिच्या आधीच्या पायरीवर उभी असते. नवशिक्या माणूस बहुधा उलट सुरुवात करतो. गाडी ‘मिस’ मारते म्हणून तो आधी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवतो आणि मग चार दिवस फिरवतच राहतो.

टॅपेट लावण्यासाठी इंजिन पूर्ण थंड हवे, म्हणून हे काम सकाळी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून सिलिंडरच्या उजव्या अंगाचे एका नटावरचे झाकण काढले की दोन पुशरॉडची खालची टोके दिसतात. आजकालच्या बहुतेक इंजिनांत येथे फीलर गेजने फट मोजतात. बुलेटमध्ये फट ठेवावयाचीच नसते. पुशरॉड दोन बोटांत धरून सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. इंजिन तापले की सिलिंडर व हेड वाढतात आणि आवश्यक ती फट आपोआप पडते. म्हणजे कंपनीने दिलेले मापच मुळी आकड्यात नव्हते, ते बोटांत होते. ही बाब ऐतिहासिकदृष्ट्या लक्षणीय आहे. ज्या ज्ञानाला आपण ‘मिस्त्रीचा अंदाज’ म्हणून खालचे स्थान देतो, ते येथे आराखडा करणाऱ्या इंजिनिअरनेच गृहीत धरलेले होते.

पॉइंटची फट मात्र आकड्यात असते: चौदा ते सोळा थाउ, म्हणजे सुमारे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. कॅमवर घासणारी पॉइंटची फायबरची टाच झिजत जाते, तशी फट कमी होते; फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी उशिरा पडते. गाडी जड चालते, तापते, सायलेन्सरचा पाइप निळा पडतो. उलट फट जास्त ठेवली तर ठिणगी लवकर पडते आणि किक उलटी येते. बुलेटची उलटी किक ज्याच्या घोट्यावर बसली आहे, त्याला टाइमिंग या शब्दाचा अर्थ पुस्तकातून समजावून घ्यावा लागत नाही. पॉइंटचे तोंड जळून खड्डा पडला असेल तर बारीक कानशीने किंवा पॉलिश पेपरने साफ करावयाचे, रॉकेलने नव्हे तर पेट्रोलच्या बोळ्याने पुसावयाचे, मग फीलर गेज घालावयाचे.

टाइमिंग पाहण्यासाठी ठिणगीची नेमकी वेळ कळली पाहिजे, आणि ती घरी कळत असे ती कागदाच्या कपट्याने. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटच्या मध्ये धरून इंजिन हाताने हळू फिरवावयाचे. कागद सुटला तो क्षण पॉइंट उघडण्याचा. त्या क्षणी पिस्टन कोठे आहे, हे प्लगच्या भोकातून सायकलचा आरा घालून पाहत. हे अंतर, ठिणगी पूर्ण मागे असताना, एक मिलिमीटरहूनही कमी असते. भोक तिरपे असल्याने आराही तिरपा जातो आणि खूण खरी पडत नाही. चांगला मिस्त्री ही चूक मनात धरूनच खूण करी. दुसरा मार्ग अ‍ॅमीटरचा. पॉइंट मिटलेले असताना काटा खाली झुकतो, उघडताच शून्यावर येतो. बुलेट चालू करण्याचा जो प्रसिद्ध विधी आहे, म्हणजे काटा मधोमध येईपर्यंत किक हळूच दाबणे, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवणे, आणि मग पूर्ण किक, त्यामागेही हेच तत्त्व आहे. ज्याला हा विधी येतो त्याला नकळत टाइमिंग तपासता येते. वापर आणि देखभाल यांच्यातली सीमारेषा या गाडीत अशी पुसट होती.

कार्ब्युरेटर आरंभी अमल पद्धतीचा, पुढे मिककार्ब. इंजिन चांगले तापवून, हवेचा स्क्रू पूर्ण आवळून साधारण दीड फेरा सोडावयाचा आणि तेथून पाव-पाव फेऱ्याने आवाज ऐकत जावयाचे. आठवडाभर चालवून प्लग काढावयाचा. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर मिश्रण बरोबर. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. पांढरे पडले असेल तर हवा जास्त, आणि ही शेवटची अवस्था धोक्याची. वडिलांच्या वह्यांत प्लगच्या रंगाची नोंद जवळजवळ दर महिन्याला आहे आणि तिच्याशेजारी लिटरमागे किती किलोमीटर, म्हणजे ज्याला सारे ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतात, तो आकडा. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव चढले आणि शेतकरी घरातील गाडी ही चैन की गरज, हा वाद आमच्या घरात सुरू झाला होता. तो वाद अ‍ॅव्हरेजच्या आकड्यांनी मिटवला जाई.

मिस्त्री, मालक आणि घर

या परंपरेतील ज्ञान कोणाचे होते, हा प्रश्न सोपा नाही. मालक शिकलेला, पण त्याच्या हाताला सवय नाही. मिस्त्रीच्या हाताला सवय, पण पुस्तिका इंग्रजीत. बऱ्याच ठिकाणी या दोघांत एक प्रकारची देवघेव झाली. मालकाने पुस्तिकेतले आकडे वाचून दाखवावेत आणि मिस्त्रीने ते आकडे या विशिष्ट इंजिनाला का चालणार नाहीत हे सांगावे. वडिलांनी काम शिकले ते तालुक्याच्या एका मिस्त्रीकडे. ते स्वतः सैन्याच्या कार्यशाळेतून निवृत्त होऊन आले होते. वह्यांत त्यांचा उल्लेख सर्वत्र ‘मामा’ असा आहे. आमच्याशी त्यांचे नाते नव्हते. गावात त्यांना सगळेच मामा म्हणत. पहिल्या वहीत ‘मामांनी टाइमिंग केले’ अशा नोंदी आहेत, १९८६ नंतर ‘मामांसमोर केले’ आणि १९९१ पासून केवळ ‘टाइमिंग केले’. शिष्यत्वाचा इतका नेमका दस्तऐवज क्वचितच सापडेल, आणि तो ज्याने लिहिला त्याला आपण असे काही लिहीत आहोत याची कल्पनाही नव्हती.

या चित्रात भाबडेपणा येऊ नये याची काळजी घेतली पाहिजे. ट्यूनिंग हा त्या काळी छंद नव्हता. सुटे भाग वेळेवर मिळत नसत, मिळाले तर त्यांच्या दर्जाची खात्री नसे. म्हणून जे आहे ते पुन:पुन्हा साफ करून, घासून, जुळवून वापरावे लागे. बंगलोरच्या मायकोचा प्लग आणि लुकास-टीव्हीएसचे विजेचे सामान मिळाले की माणूस स्वतःला भाग्यवान समजे. रविवारची सकाळ जाई, हात काळे होत, आणि सोमवारी गाडी सुरू झाली नाही तर ऊस कारखान्याच्या कचेरीत वेळेवर पोचणे चुके.

आणखी एक गोष्ट मोटारसायकलवरच्या लेखनात कधीच येत नाही. भाग धुण्यासाठी रॉकेल लागे आणि रॉकेल रेशनकार्डावर मोजून मिळे. इंजिनाच्या ताटात जितके रॉकेल गेले, तितके स्टोव्हला कमी पडले. आजीचा या गाडीवर जो राग होता, तो धुराचा किंवा आवाजाचा नव्हता. वह्यांत ‘रॉकेल १ लि.’ असा खर्च १९८४ पर्यंत आहे. त्यानंतर त्या जागी ‘डिझेल’ लिहिलेले आहे. मध्ये काय घडले ते वहीत नाही, पण आत्याने ते हसत सांगितले: आजीने एके दिवशी डबाच कुलपात ठेवला. ओसरीवरच्या या कामाला पुरुषांचे काम मानले गेले, पण त्याची किंमत स्वयंपाकघराने मोजली, ही नोंद इतिहासात राहिली पाहिजे.

बदलाची वर्षे

१९८३ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जपानी कंपन्यांच्या सहकार्याने १०० सीसीच्या गाड्या भारतात आल्या: इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स, कावासाकी बजाज. त्यांचे वजन कमी, अ‍ॅव्हरेज जास्त आणि रोजची कटकट नाही. हळूहळू पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक इग्निशनने घेतली. तेथे झिजणारी टाच नाही, म्हणून लावण्यासारखे काही नाही. बिघडले की बदलावयाचे. एन्फिल्ड इंडिया आर्थिक अडचणीत सापडली आणि १९९४ मध्ये आयशर समूहाकडे गेली. बिडाच्या सिलिंडरचे जुने इंजिन त्यानंतरही दीड दशक टिकले. प्रदूषणाच्या कडक होत गेलेल्या निकषांपुढे २०१० च्या सुमारास ते भारतात संपले आणि त्याची जागा एकसंध रचनेच्या नव्या इंजिनाने घेतली. नव्या बुलेटचा आवाज पूर्वीसारखा नाही, ही तक्रार सर्वांनी ऐकली आहे. तिच्याकडे केवळ स्मरणरंजन म्हणून पाहणे अपुरे ठरेल. ज्यांनी त्या आवाजावरून टॅपेट आणि टाइमिंग ओळखले होते, त्यांच्यासाठी आवाज हे मोजण्याचे साधन होते. ते साधन निकामी झाले.

इंधनही बदलले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. बुलेटचे कॉम्प्रेशन साडेसहाच्या आसपास, म्हणजे फारच कमी असल्याने तिने ते पचवले. अलीकडे प्रश्न इथेनॉलचा आहे. २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये दहा टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले आणि २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल पाणी ओढून घेते, जुन्या रबरी नळ्या व वॉशर मऊ करते, आणि त्यात ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर मिश्रण पातळ होते. जुन्या वहीतला दीड फेरा आता पुरत नाही. नीडलची क्लिप एक खाच खाली घेऊन, म्हणजे नीडल वर उचलून, पेट्रोल थोडे वाढवावे लागते, कधी जेटही मोठा घालावा लागतो. हे कोणत्याही पुस्तिकेत नाही आणि प्लगचे रंगही पूर्वीसारखे स्पष्ट उमटत नाहीत. ज्या सांगली-कोल्हापूर भागातील उसापासून हे इथेनॉल होते, त्याच भागातल्या जुन्या बुलेटी त्यामुळे नव्याने लावाव्या लागत आहेत, हा योग इतिहासाच्या विद्यार्थ्याला विसरता येण्याजोगा नाही.

‘व्हिंटेज’ची व्याख्या

इंग्लंडमध्ये जुन्या मोटारसायकली जपणाऱ्यांचा क्लब १९४६ मध्येच स्थापन झाला. तेथे उद्योग संपत गेला तशी देखभाल छंदाकडे सरकली, आणि जुनी गाडी ‘मूळ स्थितीत’ आणणे हे या छंदाचे ध्येय झाले. आपल्याकडे क्रम वेगळा होता. गाडी जुनी झाली तरी बाजारात तीच नवी मिळत होती, म्हणून मूळ स्थिती ही कल्पनाच निरर्थक होती. डबडा झालेला भाग काढून नवा घातला की गाडी मूळच राहत असे. रॉबर्ट पिरसिग यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ १९७४ मध्ये, म्हणजे आमची गाडी आली त्याच वर्षी, अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकात देखभाल हा माणसाने निवडलेला विचारमार्ग आहे. सांगली जिल्ह्यातल्या ओसरीवर निवडीचा प्रश्नच नव्हता.

१५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून प्रथमच व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीची रीत ठरवून दिली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली दुचाकी व चारचाकी वाहने या वर्गात येतात. नव्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये शुल्क आहे व ती दहा वर्षे चालते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नाही. (महाविद्यालयात तासाला जाणे हे तांत्रिक संशोधन ठरते काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखकाने अद्याप कोणास विचारलेला नाही.) अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असले पाहिजे आणि त्याच्या चासीत, सांगाड्यात किंवा इंजिनात फेरफार करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी.

नियमाचा हेतू चांगला आहे. पण त्यामागची ‘मूळ’ची कल्पना ही संग्रहालयाची आहे, वापरातून जगलेल्या यंत्राची नाही. आमच्या गाडीला २०२४ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि अर्ज भरावयास बसल्यावर हा प्रश्न कागदावर उभा राहिला. येथे इंजिन साधन कसे होते ते पाहता येईल. सिलिंडर झिजला की बोअर मारून तो किंचित मोठा करतात आणि त्या मापाचा मोठा पिस्टन बसवतात. बुलेटसाठी असे पिस्टन वीस, चाळीस व साठ थाउ वाढीव मापाचे मिळत. वह्यांनुसार आमच्या सिलिंडरला १९८३ मध्ये वीसचा, १९९४ मध्ये चाळीसचा आणि २००७ मध्ये साठचा बोअर झाला. प्रत्येक बोअर म्हणजे दहा-बारा वर्षांच्या धुळीचा, उसाच्या हंगामातल्या खेपांचा, भेसळीच्या तेलाचा आणि कधीमधी उशिरा लावलेल्या टाइमिंगचा हिशोब होय. वह्या हरवल्या असत्या तरी व्हर्निअर लावून हा इतिहास वाचता आला असता.

नोंदणी पुस्तकात इंजिनाची क्षमता ३४६ सीसी लिहिलेली आहे. ७० मिलिमीटरचा व्यास आज ७१.५ मिलिमीटरच्या थोडा वर आहे आणि त्या हिशोबाने क्षमता ३६१ सीसीच्या पुढे जाते. अर्जाच्या नमुन्यात ‘इंजिनातील बदल’ या रकान्यासमोर काय लिहावे, यावर वडील व प्रस्तुत लेखक यांचे अजून एकमत झालेले नाही. वडिलांच्या मते तो बदल नव्हे, झीज आहे. साठ थाउच्या पुढे पिस्टन मिळत नाही. पुढच्या खेपेस सिलिंडरला स्लीव्ह घालून माप पुन्हा ७० मिलिमीटरवर आणावे लागेल, आणि तेव्हा गाडी कागदावरच्या मापाला पुन्हा बरोबर जुळेल.